चोराचा फोटो

नव्या पेठेतल्या भुवनेश्वरीच्या दुकानातून एक गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे भरल्याची खोटी पावती दाखवून चार इरकली साड्या घेऊन गेलं. शेजारचे दुकानदार चनबसप्पा शांतपणे म्हणाले, "सोमवारी मलाबी यानंच फसवलं की."

"मग सांगितलं का न्हाय, अण्णा?"

"तुमी हसला असता."

"हसलेच असते. पण साड्या राहिल्या असत्या. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर रोज गुलाबाचं फूल टाकता, चोराचा फोटो टाकायला बोटं झडली होती?"

तिनं दुकानातल्या कॅमेऱ्यातला त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. आणखी दहा दुकानदारांनी लाजत कबूल केलं, आपल्यालाही यानंच गंडवलंय. मग कोपऱ्यावरच्या सराफाचा मेसेज आला, "हा माझ्याकडं बसलाय. चहा सांगितलाय त्याला."

भुवनेश्वरीनं कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. "अण्णा, सराफाला लिहा, अजून बारा चहा सांग. आमी सगळे येतोय."