मोठ्या सरांचा निबंध आणि त्यांची पोटरी

मित्रांनो, माझ्यावर आजवर शेकडो माणसं चालली आणि त्यांतलं एकही कुठे पोहोचलं नाही. मी रुग्णालयातली एक जुनी ट्रेडमिल आहे. कारखान्यात माझा पट्टा ताणून बसवला, मोटर घातली आणि व्यायामशाळेत निघालेल्या बहिणींपासून तोडून मला इथे, रक्तवाहिन्यांच्या विभागात, आणलं. बहिणींच्या नशिबी आरसे आणि गाणी. माझ्या नशिबी पोटऱ्या.

ज्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात, त्यांना थोडं चाललं की पोटरीत कळ येते आणि थांबलं की जाते. अशांना विभागाचे प्रमुख, म्हणजे मोठे सर, माझ्यावर चढवत. कळ येईपर्यंत चाला, थांबा, कळ गेली की पुन्हा चाला, असं काही महिने. ड्रायव्हर आले, शिंपी आले. एक आजोबा तर चालताना सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पुढे तेच आजोबा भाजीची पिशवी घेऊन पायी भेटायला आले. पुष्कळांची शस्त्रक्रिया टळली. सरांनी त्यावर निबंध लिहिला.

इथून माझे हाल सुरू झाले. संशोधकांच्या जगात दुसऱ्याने त्याच्या लेखात आपल्या निबंधाचा दाखला दिला की आपलं मोठेपण वाढतं. सरांचे दाखले जगभर दिले जाऊ लागले. सर रोज चहाआधी संगणकावर तो आकडा बघत, पोरगं किती वाढलं हे भिंतीवर खूण करून बघावं तसे. मग निबंधावर निबंध निघाले, त्या निबंधांवर समीक्षा निघाल्या. माझ्यावर चालणारे कमी झाले, माझ्याविषयी लिहिणारे वाढले. शेवटी मला खिडकीशी ढकललं आणि माझ्या दांड्यांवर ओले ॲप्रन वाळू लागले. कपाळाला हात लावावा, तर तीही सोय नाही.

आणि एके दिवशी सरच लंगडत आले. सोबत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. सरांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता विभागातल्या डॉक्टरीणबाई, यांनी पायाची नाडी चाचपली, घोट्याचा रक्तदाब मोजला. तो कमी भरला, म्हणजे सरांनाही तोच आजार. सरांचं म्हणणं, मणक्याचं असेल. बाईंनी पुन्हा मोजलं. घोटा काही सरांच्या बाजूने बोलेना.

मग सरांनी पवित्रा बदलला. शस्त्रक्रिया कर, या आठवड्यातच. पुढच्या महिन्यात परिषदेत त्यांचा सन्मान व्हायचा होता, त्याच निबंधाला सर्वाधिक दाखले मिळाले म्हणून, आणि व्यासपीठावर लंगडत जायची त्यांची तयारी नव्हती. बाईंनी चाचरत सांगितलं की एवढ्यात चिरफाड केली आणि वाहिनी पुन्हा तुंबली, तर पाय आजच्याहून वाईट होईल. आधी चालून बघायला हवं. आणि हे सरांनीच शिकवलंय.

"त्या अभ्यासात मधुमेह असलेले रुग्ण आपण घेतलेच नव्हते," सर म्हणाले. "शास्त्रीयदृष्ट्या मी त्यात बसत नाही."

मित्रांनो, माझी मोटर तेवढी जळायची राहिली.

काकू इतका वेळ स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्या उठल्या, माझ्यावरचे ॲप्रन एकेक करून काढले आणि सरांच्या हातात दिले.

"अहो, शास्त्रीयदृष्ट्या तुम्ही माझ्या वडिलांच्या अपेक्षांतही बसत नव्हता. तरी घेतलंच ना तुम्हाला? चढा आता."

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

सर चढले. थोडंसं चालले, कळ आली, आणि त्यांनी माझा दांडा असा आवळला की माझ्याच पोटरीत कळ आली.

"हे एवढं दुखतं?"

"हो सर," बाई म्हणाल्या. "निबंधात आपण 'मध्यम वेदना' लिहिलंय."

त्यानंतर सर नेमाने येऊ लागले. त्या आजोबांच्या शिव्या कशासाठी होत्या, हे त्यांना उशिरा का होईना समजलं. एक-दोन त्यांनी स्वतःही वापरल्या.

परिषदेत काय झालं ते काकूंनी बाईंना माझ्याशेजारी उभं राहून सांगितलं. व्यासपीठाकडे जाताना सरांना अर्ध्या वाटेत कळ आली. ते खुर्चीची पाठ धरून, डोळे मिटून उभे राहिले. सभागृहाला वाटलं, सरांना भरून आलंय. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. कळ गेल्यावर सर वर पोहोचले, भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "या निबंधाचा दाखला दिलेल्यांपैकी किती जणांच्या विभागात रुग्ण अजून चालतात?"

टाळ्या थांबल्या. हात मात्र फार थोडे वर झाले.

सरांना अजून कळ येते, पण आता बरंच लांब गेल्यावर. शस्त्रक्रियेचा विषय घरात कुणी काढत नाही.

तेव्हा मित्रांनो, चांगली गोष्ट सापडली तर तिचा सत्कार खुशाल करा, पण तिला वापरतही जा. सत्काराने पट्टा फिरत नाही. आणि हे वाचून झालं असेल तर उठा बघू. केव्हाचे बसून आहात.