चमकीची बाजू

गच्चीवर उन्हात ठेवलेल्या कागदावरची काच गफूरने उचलली, निगेटिव्ह बाजूला काढली आणि कागद अलगद परातीतल्या पाण्यात सोडला. कागदावरचा हिरवट पिवळा रंग पाण्यात उतरू लागला आणि मागे निळाई राहू लागली. आधी पदराचा काठ आला, मग कपाळ, मग डोळे. परात त्याने हलक्या हाताने हलवली. पाणी अर्धी बादलीच घेतलं होतं. गेल्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हापासून हातालाच तशी सवय लागली होती.

बाईच्या नाकातली चमकी उमटली, आणि गफूरचा हात थांबला.

नमुन्याला दिलेला जुना फोटो त्याने उचलला. पिवळा पडलेला, कोपऱ्याला कसर लागलेली. चेहरा तोच, गालावर हळदीचा तोच पुसट पट्टा. पण जुन्या फोटोत चमकी उजव्या नाकपुडीत होती. पाण्यातल्या बाईची डाव्या.

निगेटिव्ह चुकली म्हणावं, तर लिफाफ्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: रेणापूर, लग्न, शेवटचा. बारा फोटोंचा रोल. अकरा झाले होते आणि एक उरला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून त्याने नवरीच्या थोरल्या बहिणीला उभं केलं होतं. ती लाजली होती, हेही त्याला आठवलं. पुढे पाच वर्षांनी, गणपती बुडवून गाव झोपलं त्या रात्री भूकंपात ती गेली. तिची चार वर्षांची सिंधु तेवढी रेणापूरला मावशीकडे होती, म्हणून राहिली.

त्याने निगेटिव्ह उन्हाकडे धरली. एक बाजू चकचकीत, एक मंद. मंद बाजू कागदाकडे, हा उस्तादाने शिकवलेला पहिला धडा. पण भूकंपानंतरच्या त्या दिवसांत स्टुडिओच्या दारात माणसांची रांग होती. घरं गेली, पेट्या गेल्या, भिंतीवरचे फोटो गेले. कुणाच्या लग्नात कोण उभं होतं ते आठवून आठवून माणसं सांगायची, आणि गफूर त्या लग्नाच्या लिफाफ्यातून मेलेल्यांचे चेहरे काढून द्यायचा. वीज यायची, जायची. अकरा दिवस तो अंधाऱ्या खोलीतच जेवला, तिथंच लवंडला. त्यातल्याच कुठल्याशा घटकेला, हा जुना फोटो छापताना, निगेटिव्ह त्याच्या हातून पालथी लागली असणार.

आणि सिंधुची चमकी उजवीकडे होती. आठ दिवसांखाली आईचा हाच जुना फोटो घेऊन ती जिना चढून आली, तेव्हाच त्याला ते नवल वाटलं होतं. इकडच्या बायका डावं नाक टोचतात. "आईची तिकडंच होती, चाचा," असं तीच म्हणाली होती.

त्याने नांदेडला अमृतरावांना फोन लावला. अमृतराव नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. उन्हात निळे फोटो छापायचा नाद दोन जिल्ह्यांत मिळून तिघांना होता: हे दोघे आणि उदगीरचे एक दातांचे डॉक्टर. खालच्या स्टुडिओची अभ्यासिका झाली, अंधारी खोली मोडून तिथं पोरांची टेबलं लागली, तेव्हा अमृतरावच म्हणाले होते, अंधार गेला तर जाऊ द्या, ऊन तर कुणी भाड्यानं नेत न्हाई.

सगळं ऐकून ते म्हणाले, "मग कशात अडकलात? दुसरा कागद लावा, निगेटिव्ह पालथी करा. तिला जी आई पाहिजे ती देऊन टाका."

"पण ते खोटं हाय, अमृतराव."

"गफूरभाई, चोवीस वर्षं झाली. आता खोटं म्हणायला कोण उरलंय?"

गफूरने दुसरा कागद लावला. दहा मिनिटं ऊन दिलं, धुतला, वाळवला, पाकिटात घातला. पहिला दोरीवर तसाच चिमट्याला लटकत राहिला.

तीनच्या सुमाराला सिंधु आली. पलीकडच्या गल्लीत मुलींच्या हॉस्टेलची मेस ती चालवायची. मनगटाला अजून पीठ होतं.

"झाला का हो, चाचा? दोनशे चपात्या लाटून पळत आले. त्या पोरींची कसली तरी टेस्ट हाय, अन् भूक मला लागायलीय."

त्याने पाकीट पुढे केलं. तिने हात पदराला पुसले, फोटो काढला आणि तिचा चेहरा लहान पोरीचा झाला.

"हीच. निळ्यात लई गोड दिसायलीय." मग ती हसली. "मावशी असती तर भांडली असती. मरेस्तोवर एकच धोशा, तुझ्या आईची चमकी डावीकडं होती, मी दोन वेण्या घातल्यात तिच्या, मला ठाऊक न्हाई का. मी म्हणायचे, तुला वय झालं, फोटो का खोटं बोलतो? मी उजवं टोचून घेतलं त्या दिवशी जेवली न्हाई ती. मी पण मनवलं न्हाई."

गफूरने परातीकडे पाहिलं. पाणी आता निवळ होतं. तो उठला, दोरीपाशी गेला, चिमटा काढला आणि पहिला फोटो तिच्या हातात ठेवला.

"ही कोण?" सिंधु म्हणाली.

"तुझी आई."

तिने फोटो उजेडाकडे धरला.

"फोटो खोटं बोलला, बेटा. तवा माझ्या हातानं निगेटिव्ह पालथी लागली. डावं ते उजवं झालं. आज बी तसाच छापून द्यायला निघालो होतो." त्याने चिमटा दोरीला परत लावला. "मावशी खरं बोलत होती."

खाली अभ्यासिकेत कुणीतरी खुर्ची सरकवली. निळा कागद दोन्ही तळव्यांवर घेऊन सिंधु उभी होती, भाकरी तव्यावर टाकायच्या आधी धरावी तशी. ती रडेल असं गफूरला वाटलं. रागावली तर बरं, असंही वाटलं.

तिने मोबाइल काढला. कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि निळ्या फोटोशेजारी धरला. आरशात दिसावं तसं पडद्यावर तिचं तोंड उलटं दिसत होतं, आणि पडद्यावर चमकी ज्या अंगाला होती, त्याच अंगाला फोटोतही होती. तोच हनुवटीचा कोन, तेच किंचित मिटलेले ओठ. दोघी शेजारी शेजारी बघत होत्या.

"रोज वेणी घालताना आरशात हीच असती," ती म्हणाली. गफूरला म्हणाली नव्हती.

तिने मोबाइल कमरेला खोचला. "मावशीला लई बोलले मी," एवढंच म्हणाली. दोरीवरचा फोटो तिने पदराआड घेतला. पाकिटातला आणि कसर लागलेला, दोन्ही परातीशेजारी ठेवले.

"हे राहू द्या तुमच्यापाशी, चाचा."

गफूर थांबला होता. ‘जाऊ द्या’ किंवा ‘तुमची काय चूक’, असं काहीतरी ती म्हणेल म्हणून. पण ती जिना उतरून गेली; हॉस्टेलात चारला चहा द्यायचा असतो.

ऊन कलल्यावर तो खाली आला. अभ्यासिकेच्या मागची एक खोली मुलाने त्याच्यासाठी ठेवली होती. तिथं भिंतीवर रजिया होती, त्याची बायको. चौदा वर्षांमागे ती गेल्यावर त्यानेच मोठा करून लावलेला फोटो. ओठाच्या वर, उजव्या बाजूला तीळ.

तो फोटोसमोर उभा राहिला. मग खाटेवर बसला. चहाची कपबशी पुढे करताना ती वाकायची, ते त्याने डोळ्यांपुढे आणून पाहिलं. वाकली. हात दिसला, बांगड्या दिसल्या. तोंड भिंतीवरचंच आलं. ताडून पाहावं, तर तिची निगेटिव्ह कधीचीच ओल लागून चिकटून गेली होती.

त्याने पुण्याला मुलाला फोन लावला. मागे गाड्यांचे आवाज होते.

"हमजा, तेरी अम्मी का तिल किधर था रे? सीधे बाजू कू, के डावे बाजू कू?"

"क्या अब्बा, इसके वास्ते फोन किए?" हमजा हसला. "फोटू है ना सामने. देख लो ना."

"हाव," गफूर म्हणाला. "देखता हूँ."

तिकडून फोन ठेवल्यावरही त्याने तो बराच वेळ कानाला धरून ठेवला.