गुरुवारची सुट्टी आणि हिंदुरावाचा पंप

चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांत गुरुवार म्हणजे रविवार, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पण आहे खरं तसंच. गुरुवारी मशिनं बंद, भोंगे बंद, आणि बाकीचं सगळं जग कामावर. एरवी हिंदुराव या सुट्टीला लाखोली वाहायचा. लोकांची लग्नं रविवारी, बारशी रविवारी, क्रिकेटच्या मॅचा रविवारी, आणि हा बाबा निघोज्याच्या कारखान्यात प्रेसखाली तेलात कोपरापर्यंत हात घालून बसलेला!

पण या गुरुवारी गडी असा खुशीत होता की विचारू नका. सकाळी उठून दाढी केली, आरशात बघितलं आणि परत एकदा केली. मुलगा सुजित हिंजवडीला गेला, सून दिपाली वाकडला गेली, नात मैत्रीची शाळेची गाडी खालून हॉर्न मारून निघून गेली, तसा त्यानं मोशीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं दार लावलं. वरची कडी लावली, खालची लावली, आणि साखळीसुद्धा अडकवली.

"चोर येणारेत का दिवसाढवळ्या?" बायकोनं, जयमालानं आतून विचारलं. ती घरी ब्लाउज शिवायची. आज तिनं शिलाई मशीन झाकून ठेवलं होतं, केसांत अबोलीचा गजरा होता आणि चेहरा मात्र असा केला होता की जशी काही आज एकादशीची साबुदाणा खिचडीच करायचीय.

आता लाजण्यासारखं काही नाही, सांगूनच टाकावं. हिंदुरावाला साखरेचा आजार जुना. त्या साखरेनं हळूहळू त्याचं नवरेपण नेलं. आधी गोळ्या झाल्या, मग काढे झाले, मग कुणीतरी सांगितलेलं कसलंसं तेल झालं, आणि शेवटी हा माणूस बायकोकडं पाठ करून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. विचारलं की म्हणायचा, "मी घोरतो, तुझी झोपमोड नको." साफ खोटं. घोरायची ती.

मग एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की इम्प्लांट बसवता येतं. पोटात पाण्याची एक छोटी पिशवी, पुढं इंद्रियात दोन नळ्या, आणि खाली अंडकोशाच्या पिशवीत सुपारीएवढा पंप. पंप दाबला की पोटातलं पाणी नळ्यांत येतं आणि त्या ताठ होतात. पंपावरचं बटण दाबलं की पाणी परत पोटात. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. हिंदुरावानं ते चित्र बघितलं आणि खुर्चीतनं उठूनच उभा राहिला. "डॉक्टर, हे तर आमचंच काम हाय! हायड्रॉलिक!" आख्खा जन्म त्यानं तेलाच्या दाबावर चालणारे प्रेस दुरुस्त केले होते. त्याला वाटलं, देवानं ही गोष्ट आपल्यासाठीच काढलीय.

ऑपरेशन झालं, जखम भरली, आणि मागच्या आठवड्यात भाग्यश्री सिस्टरनं दवाखान्यात त्याला पंप चालवायला शिकवला. "काकूंनाही आत बोलवा, दोघांनी शिकलेलं बरं असतं," ती म्हणाली. आणि इथं आमच्या हिंदुरावानं माती खाल्ली. त्यांच्या कारखान्यात नियम असा, की मशीन दुरुस्तीला घेतलं की फिटरनं आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. मग त्या मशीनला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, साहेब आला तरी नाही. हा नियम त्याच्या हाडांत मुरला होता. "नको नको, माझं मशीन मी बघतो," म्हणाला. जयमाला बाहेर बाकावर भिंतीवरची डाएटची चित्रं बघत बसली.

शिवाय सिस्टरनं बजावलं होतं, रोज एकदा पंप चालवायचा, नाहीतर आखडून बसतो. पण माणसांनी भरलेल्या घरात, एकच बाथरूम, बाहेरून नात दार वाजवतेय, "आजोबा, लवकर!" कसला पंप आणि कसलं काय. आठवडाभर त्यानं हातसुद्धा लावला नाही.

तर आता आतल्या खोलीत पडदे ओढलेले, पंखा जोरात, आणि हिंदुराव कॉटवर बसून पंप दाबतोय. दाबतोय, दाबतोय, आणि काहीच होत नाहीये.

"झालं का?" जयमाला पाठमोरी बसून बांगड्या मागं-पुढं करत होती.

"थांब जरा. पहिल्यांदा वेळ लागतो."

परत दाबला. दगड! पंप हलेचना. हिंदुरावाच्या कपाळावर घाम आला आणि डोक्यात कारखाना चालू झाला. सील गेलं असणार. का नळीला पीळ पडला? का पाणीच गळालं सगळं? गळालं तर गेलं कुठं? पोटात? त्यानं पोट चाचपून बघितलं. मग उभा राहून दाबला, मग वाकून दाबला, मग एक पाय कॉटवर ठेवून दाबला. इंजिनिअर लोक मशीनसमोर जशी तोंडं वाकडी करतात, तशी सगळी करून झाली.

"अहो, काय कवायत चाललीय?" जयमाला आता वळली होती.

"फेल गेला," हिंदुराव मटकन खाली बसला. "माले, फेल गेला पंप. आता परत फाडावं लागणार." आणि इतका वेळ खुशीत असलेल्या त्या माणसाचा आवाजच फाटला. पण रडत बसणाऱ्यांतली जयमाला नव्हे.

"फेल-बिल काही न्हाई. सिस्टरला फोन लावा."

"फोनवर काय सांगू? लाज हाय का न्हाई?"

"इतकी वर्षं लाजच धरून बसलाय, काय मिळालं? आणा तो फोन इकडं!" आणि तिनं फोन लावलासुद्धा, आणि तोही स्पीकरवर.

"बोला काका!" भाग्यश्री सिस्टरचा आवाज खोलीभर घुमला. हिंदुरावानं पटकन कमरेवर चादर ओढली, जशी काही ती फोनमधून बघतेय.

"सिस्टर, प्रेशर बिल्ड होत न्हाई. व्हॉल्व्ह जाम वाटतो. मला वाटतंय मेन लाइनला..."

"काका, काका! मेन लाइन-बिन काही नाही. दुखतंय का? सूज, लाली, ताप?"

"न्हाई."

"मग घाबरू नका. रोज चालवलात का?"

हिंदुरावाच्या आधी जयमालाच म्हणाली, "न्हाई चालवला, सिस्टर. एकदासुद्धा."

"मग बरोबर! आखडलाय. नेहमीचं आहे हो हे, दिवसाला एक फोन येतो असा." हे ऐकलं आणि दोघांचा जीव भांड्यात पडला. दिवसाला एक! म्हणजे या एवढ्या मोठ्या शहरात आपण एकटे नाही! हिंदुरावाला त्या न बघितलेल्या माणसांबद्दल एकदम भावकीसारखं प्रेम वाटलं.

"आता ऐका," सिस्टर म्हणाली. "आधी पाणी सोडायचं बटण शोधा. पंपाच्या वरच्या टणक भागावर आहे. ते थोडा वेळ दाबून धरा. मग सोडा, आणि खालचा मऊ फुगा दोन बोटांत धरून एकदाच झटक्यात, जोरात दाबा. कट्‌ असं काहीतरी सुटल्यासारखं लागेल. ते लागलं की जिंकलात. बटण सापडलं?"

"सापडलं," हिंदुराव म्हणाला.

"दाबून धरा. आता सोडा. आता फुगा. जोरात!"

त्यानं दात-ओठ खाऊन दाबलं. काही नाही.

"जोरात, काका! घाबरू नका, फुटत नाही. दाबा जोरात!"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारच्या गोजाबाई! "जयमाला! अगं, ब्लाउज झाला का माझा? आणि काय दाबाय सांगतंय ते कोण?"

"ह्यांचा पाय मुरगळलाय, गोजाबाई! डॉक्टर फोनवर हायत!" जयमाला जागची न हलता ओरडली. "आज गुरुवार, दुकान बंद!"

"व्हय का? मग हळद लावा, गरम करून!" गोजाबाई पलीकडून ओरडल्या. चादरीतल्या हिंदुरावानं हळदीच्या नुसत्या विचारानं डोळे मिटले. फोनमध्ये सिस्टर खोकल्यासारखं करून हसू दाबत होती.

"काका, परत एकदा. बटणाचा भाग टणक, चपटा. फुगा मऊ, गोल. बोटाला फरक लागतोय ना?"

हिंदुराव चादरीखाली परत चाचपायला लागला.

"काका? लागतोय ना फरक?"

जयमालानं त्याच्याकडं बघितलं. या माणसाचे हात ती लग्नापासून ओळखत होती. नट कितीचा ते अंधारात नुसतं चाचपून सांगणारे हात. आणि आता ते चादरीत नुसते भांबावून फिरत होते. तिनं फोन बाजूला ठेवला आणि त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. ब्लाउजला टोचलेली टाचणी काढली आणि त्याच्या बोटाच्या शेंड्याला हळूच टेकवली.

"लागतंय?"

"काय?"

"टाचणी."

त्यानं बघितलं तेव्हा कुठं त्याला कळलं. जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ संताप. "कधीपासून?"

"साखरेनं व्हतात बोटं बधिर. कारखान्यात कळलं तर मशीनवरनं काढतील, म्हणून..."

"कारखान्याचं सोडा! मला का न्हाई सांगितलं? मी कोण, गोजाबाई?"

हिंदुराव एकदम बोलला, एका दमात. "काय काय सांगू माले? आधी ते गेलं, मग बोटं गेली. म्हटलं, हे एक तरी नीट करून घेऊ आणि मग तुझ्यासमोर उभं राहू. आणि आता ते चालवायला बोटंच न्हाईत. म्हणजे ऑपरेशन करून बी मी तिथंच. तू अजून किती वर्षं भिंतीकडं तोंड करून झोपायचं?"

फोनमधून सिस्टर हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही आहात ना? मग तुम्ही करा. मी त्याच दिवशी सांगत होते."

"सरका," जयमाला म्हणाली.

"अगं पण..."

"सरका म्हणते ना! एवढे बारीक हुक लावते मी न बघता, हा सुपारीएवढा पंप मला सापडायचा न्हाई?" तिनं चादर बाजूला केली, एका हातानं पंप वरून नीट धरला आणि दुसऱ्या हातानं चाचपला. "हे टणक, हे बटण. सिस्टर, सापडलं! दाबून धरलंय."

"शाब्बास. सोडा. आता फुगा, झटक्यात!"

जयमालानं श्वास घेतला, गजरा खांद्यावरून मागं टाकला आणि दाबला.

कट्‌!

"सुटलं!" ती किंचाळली. "अहो, सुटलं! हाताला लागलं माझ्या!"

"आता दाबत राहा, फुगा भरू द्या, परत दाबा!"

ती दाबत गेली आणि काम व्हायला लागलं. खरंच व्हायला लागलं. हिंदुराव डोळे फाडून बघत राहिला. कारखान्यात मोठा प्रेस पहिल्यांदा चालू होतो तेव्हा सगळी पोरं ओरडतात, तसं त्याला ओरडावंसं वाटलं, आणि तो ओरडलाही, "आयला! आलं की गं! माले, आलं!" जयमाला हसता हसता रडत होती आणि रडता रडता त्याच्या तोंडावर हात ठेवत होती, कारण पलीकडच्या भिंतीला गोजाबाईंचा कान असणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

"काकू? झालं का? काका?" फोन अजून चालूच होता.

"झालं सिस्टर, झालं! देव तुमचं भलं करो!" म्हणत जयमालानं फोन बंद केला आणि उशीखाली सारला.

मग दोघं एकमेकांकडं बघायला लागले आणि दोघांनाही एकदम नव्या लग्नासारखं अवघडल्यासारखं झालं. हिंदुरावानं तिच्या गजऱ्याला हात लावला. बोटांना फुलं कळली नाहीत, मग त्यानं मान वाकवून गालच टेकवला. तिथं मात्र सगळं कळत होतं.

"आता तुमचं माझ्याशिवाय चालायचं न्हाई," जयमाला म्हणाली. "चालू करायला मी, बंद करायला मी."

"न्हाई चालायचं," हिंदुराव म्हणाला. असं कबूल करताना माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "इकडं सरक. आन घोरतेस तू, मी न्हाई."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली, आणि सरकली.