शिट्टीच्या आधीचं बोलणं

पियूषनं आवाज बंद करायला पाहिजे होता. व्हिडिओला आवाज बंद करायचं बटण असतं, हे माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही ठाऊक आहे, आणि हा तर दिवसभर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसणारा कोच. खोली भरली होती. आईबाप, पोट्ट्या, एकीचा तर मामा उमरेडहून आला होता. त्या सगळ्यांसमोर भिंतीला चादर लावून यानं तो व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला. कमी नाही, मोठा. आधी मला बाजूला घेऊन एक शब्द सांगितला नाही. माणसानं माणसाशी असं वागू नये.

हे मी तेव्हापासून घरात ऐकवते आहे. सून नीला भाजी चिरता चिरता "हो आई" म्हणते. मुलगा दुकानाच्या किल्ल्या उचलून निघून जातो. नात वेदिका दप्तर उघडून बसते.

नागपुरात बर्फ पाहायचा तर रसवंतीवर, नाहीतर गोळेवाल्याकडे. तरी माझी नात आइस हॉकी खेळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. या पोरी वर्षभर चाकाचे बूट घालून सिमेंटच्या रिंकवर सराव करतात. हातात वाकडी काठी, आणि चेंडूच्या जागी चपटी चकती. ज्यांची निवड होते त्यांना पियूष जानेवारीत लेहला नेतो. तिथे खरा बर्फ, पण सरावाला वेळ थोडा. म्हणून इथला खेळ तो फोनवर घेतो आणि मग लॅपटॉपवर तोच खेळ हळू करतो, थांबवतो, लाल रेघा ओढतो. तू इथे होतीस, तुला तिथे असायला पाहिजे होतं. "आजी, माझ्या ओरडण्यानं जे होत नाही ते एकदा दाखवून होते," असं तो म्हणाला होता, आणि मला ते पटलं होतं. आमचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. गंज-पातेलं कसं आहे ते गिऱ्हाइकाला तोंडानं सांगून भागत नाही, उलटा करून बूड दाखवावं लागतं.

फोन आधी स्टँडवर असायचा. एकदा चकती येऊन स्टँडलाच लागली, फोन खाली पडला, काच तडकली. तेव्हा पियूष माझ्याकडे आला. वेदिकाला मीच घेऊन येते आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसते, हे त्याला माहीत होतं.

"आजी, रविवारच्या मॅचले तुम्हीच धरा फोन," तो म्हणाला. "फक्त पूर्ण रिंक दिसलं पाहिजे."

"मले काय शिकवतो," मी म्हटलं. "तराजू धरलेला हात हाय हा. हलत नाही."

हात हलला नाही, ते खरं. पण मी एक गोष्ट त्याला न विचारता केली. काचेवर दोन बोटं फाकवली की चित्र जवळ येतं, हे वेदिकानं मला शिकवलं होतं. वरून त्या सगळ्या हेल्मेटवाल्या पोट्ट्या सारख्याच दिसतात, माझी कोणती ते कळत नाही. मी बोटं फाकवली, माझी नात शोधली, आणि फोन तिच्यावर ठेवला. ती जाईल तिकडे फोन. लग्नाच्या व्हिडिओतही आपण आपलीच माणसं पाहतो. मला त्यात काही चूक वाटली नाही.

जाळीत उभी राहून गोल अडवणारी पोरगी श्वेता. ती शहराबाहेरच्या वाडीला भाड्याच्या खोलीत राहते, बाप ट्रकवर असतो. तिची आजी पंचफुला ऑटो बदलत बदलत तिला घेऊन येते. येताना भाजलेल्या शेंगा आणते आणि सगळ्यांना वाटते, मलाही देते. खेळ सुरू झाला की ती नातीच्या जाळीमागे जाऊन उभी राहते, तोंडातून शब्द काढत नाही. त्या रविवारीही तसंच. ती खाली जाळीमागे, मी वर पायरीवर, शेजारी नीला, आणि माझ्या मांडीवर पंचफुलाच्या शेंगांचा पुडा.

लेहला कोण जाणार ते त्या सामन्यावर ठरणार होतं. शेवटी शेवटी समोरच्या पोरींनी गोल केला आणि आमची टीम हरली. बुटांच्या नाड्या सुटायच्या आत भांडण सुरू झालं. श्वेता म्हणाली, त्या धावून आल्या तेव्हा अडवायला समोर कोणीच नव्हतं. मागे येऊन अडवायचं काम वेदिकाचं. वेदिका म्हणाली, मी आली होती. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण फोन माझ्या हातात होता.

"मी डोळ्यानं पाह्यलं," मी म्हटलं. "वेदिका मांगं आली होती. श्वेताच जागची हलली नाही."

इतवारीत दोन गल्ल्या पलीकडचा हातगाडीवाला थांबतो, असा माझा आवाज आहे. भांडण तिथेच संपलं. श्वेतानं हेल्मेट काढलंच नाही, तशीच बाहेर गेली. मी खरंच पाहिलं होतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. घरच्या पोरीच्या बाजूनं बोलायला मला कधी विचार करावा लागला नव्हता.

मंगळवारी पियूषनं सगळ्यांना रिंकशेजारच्या खोलीत बोलावलं. पंचफुला एकटीच आली, खांद्यावर पोतं. पोत्यात गोलवालीचे मोठे पॅड, क्लबचे. ते तिनं भिंतीला टेकवलं.

"पोट्टी नाही म्हणते आता," ती पियूषला म्हणाली. "दुसरीले द्या."

श्वेतामुळेच हरलो असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. म्हणून कोणी पंचफुलाला थांब म्हटलं नाही. मीही नाही.

"काकू, आधी हे पाहून घ्या," पियूष म्हणाला आणि दिवा मालवला.

चादरीवर वेदिका दिसली. नुसती वेदिका, डोक्यापासून चाकांपर्यंत. मागून कोणीतरी म्हणालं, "अन् बाकीच्या कुठं गेल्या गा?" लोक हसले. मग आवाज आला.

स्वतःचा आवाज माणसाला चटकन ओळखू येत नाही. मला वाटलं, ही कोण बाई तोंडात घास ठेवून बोलते आहे? आधी शेंग फोडल्याचा कटकन आवाज, मग ती.

"नीला, हे वाडीची पोट्टी टीममंधी कशी आली ठाऊक हाय का? आजीनं शेंगा वाटून वाटून घुसवली."

पुन्हा शेंग फुटली.

"टायरवानी बसली पाहा जाळीत. ट्रकवाल्याचीच पोट्टी."

"आई, हळू," नीलाचा बारीक आवाज.

"काहून हळू? खोटं हाय का?"

खोलीतलं हसू थांबलं होतं. नीला माझ्या शेजारीच बसली होती, तिनं मान खाली घातली. चादरीवर वेदिका मागे जायला वळली, आणि ती बाई जोरात ओरडली.

"वेदू, मांगं नको जाऊ वं. राय तिथंच. मांगं हाय नं ते जाळीवाली. चकती आली का तुलेच भेटंल."

वेदिकानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता खोलीतल्या सगळ्यांकडे. मग ती थांबली. काठी जमिनीला टेकवून उभी राहिली.

शिट्टी वाजली. गोलची. पोरींचा गलका झाला. वेदिका तिथेच होती, समोरच्या टोकाला, हेल्मेटखालून निघालेली बट आत सारत.

"झाला गोल," ती बाई म्हणाली. "मी म्हटलंच होतं. झोपली ते."

पियूषनं चित्र तिथे थांबवलं. लाल रेघ ओढली नाही. चादरीवर माझी नात उभी होती, आणि फोन किती न हलवता धरला होता ते सगळ्यांना दिसत होतं.

मी उठले. चप्पल पायात जाईना. पंचफुला दाराशी उभी होती. वाटलं, ही आता चार शिव्या देईल. ते मला सोपं गेलं असतं.

ती हळूच म्हणाली, "मीराबाई, खाता खाता बोलू नये. ठसका लागते."

आणि गेली. पोतं तिथेच राहिलं.

घरी येताना वेदिका रडत होती. "तूच म्हटलं नं, मागे नको जाऊ म्हणून. मग मी मागे आली होती असं काहून सांगितलं?"

"तूच आधी खोटं बोलली," मी म्हटलं.

"मी घाबरून बोलली. तू कशाले बोलली?"

मी पदर डोक्यावर ओढला आणि पुढे चालू लागले.

तेव्हापासून दुकानात मी हळू बोलते. काल गल्लीतल्या हातगाडीवाल्याला थांब म्हटलं तर त्याला ऐकूच गेलं नाही, बाहेर मांडलेली कोपरांची, म्हणजे पसरट परातींची, चळत त्यानं पाडली. तो खणखणाट ऐकून शेजारच्या दुकानातले बाबाराव बाहेर आले.

"बाई, तब्येत बरी नाही का?"

"घसा बसला," मी म्हटलं. बाबारावांच्या घरचं कोणी रिंकवर जात नाही, त्यांना काही ठाऊक असायचं कारण नाही. तरी मी त्यांच्याकडे वर पाहिलं नाही. खाली बसून कोपरं गोळा करत राहिले, एकेक पुसत. पडून त्यांना धूळसुद्धा लागली नव्हती.

आज सकाळी मात्र मी वेदिकाला म्हटलं, तो व्हिडिओ लाव. नीलालाही बोलावलं. आवाजाशिवायही काम भागलं असतं, हे मला त्या दोघींना दाखवायचं होतं. वेदिका मागे गेली नाही हे डोळ्यांनी दिसतंच, मग म्हातारीची अब्रू कशाला काढायची?

"आवाज बंद कर," मी म्हटलं.

तिनं केला. एवढ्याशा काचेवर माझी नात मागे वळली, थांबली, उभी राहिली, बट आत सारली. मग दुसरीकडे गेली.

"गोल कधी झाला?" मी विचारलं.

वेदिकानं काचेवर बोट ठेवलं. "ते यात दिसत नाही, आजी. तू फक्त मलेच काढलं. शिट्टी ऐकू आली तरच कळते."

मी पुन्हा लावायला सांगितलं, बिनआवाजाचं. गोल कुठेच नव्हता. जाळी नव्हती, श्वेता नव्हती, तिच्या अंगावर धावून गेलेल्या पोरी नव्हत्या. एक पोरगी उभी होती, बस. केव्हाची उभी होती ते कोण सांगणार? त्या अख्ख्या व्हिडिओत श्वेताच्या बाजूनं बोलणारी एक शिट्टीच होती, आणि तिच्या आगेमागे माझं बोलणं. ते बोलणं नसतं तर लोक म्हणाले असते, वेदिका आळशी, कामचुकार. पोरगी तर मागे वळली होती. तिला थांबवणारा आवाज माझा होता.

वाडीचं आणि शेंगांचं तेवढं कापता आलं असतं. ते मी अजूनही म्हणते.

नीला उठली. चहा ठेवला आणि माझ्यासमोर आणून दिला, नेहमीपेक्षा गोड.

संध्याकाळी मी एकटीच रिंकवर गेले. पियूष खोलीत लॅपटॉपपुढे होता. मला पाहून उठला. पोतं भिंतीला तसंच टेकलेलं.

"आजी, बसा नं."

"बसाले नाही आली. श्वेता आली होती का?"

"नाही. मी फोन करून राहिलो तं तिची आजी उचलते अन् राँग नंबर म्हणते." तो हसायला गेला, पण हसला नाही. "उद्या लेहची नावं पाठवाची आहेत. जाळीत उभं राहाले तिच्यासारखी दुसरी नाही माझ्याजवळ. अन् वेदिकाचं काय करू, तेही समजत नाही."

"ते मले नको इचारू. आता मी कोणाची साक्ष देत नाही."

तो खाली पाहत म्हणाला, "तुम्हाले आधी सांगाले पाहिजे होतं मी. पण सांगितलं असतं तर तुम्ही आल्या नसत्या."

"नसतीच आली," मी म्हटलं. "अन् वेदिकालेही येऊ दिलं नसतं. पोट खराब हाय म्हणून सांगितलं असतं."

हे बोलताना माझे कान गरम झाले. बाहेर पोरींच्या चाकांचा घरघर आवाज येत होता. जाळी रिकामी होती, त्या तशाच चकत्या मारत होत्या. मी पोत्याला हात लावून पाहिला. जड होतं. एवढं ओझं ती बाई वाडीहून ऑटो बदलत घेऊन आली होती.

"ऐक, पियूष," मी म्हटलं, आणि माझा इतवारीतला आवाज मला परत सापडला. "आवाज चालू ठेवला ते बरोबर केलं तू. शेंगायचं कापलं नाही ते वाईट केलं, अन् ते मी तुले मरेपर्यंत बोलून दाखवीन. आता हे पोतं उचल, मोटरसायकल काढ, अन् मले वाडीले ने. साऱ्यायसमोर जे बोलली, ते मले त्या बाईच्या दारात वापस घ्याचं हाय, अख्ख्या गल्लीले ऐकू जाईन असं. फोन तू धर, माह्या हातात नको देऊ. मंग ते इथं त्याच चादरीवर लाव, आवाजासकट. अन् जवळ नको घेऊ मले त्याच्यात. पूर्ण गल्ली दिसली पाहिजे."