चहा घ्या, बाबा

"कप घ्या, आजोबा, कप! चावत नाही तो!"

दिग्दर्शक भोंग्यातून ओरडला. सेतो बिंगक्वानला इंग्रजी समजत नव्हतं असं नाही. लॉस एंजेलिसच्या चायनाटाऊनमधल्या लाँड्रीत गोऱ्यांच्या शर्टांना इस्त्री करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि 'कॉलर कडक करा'पासून 'आपल्या देशात परत जा'पर्यंत सगळं इंग्रजी त्याला व्यवस्थित कळत होतं. पण रेशमी झग्याच्या बाह्यांत खुपसलेले हात काही केल्या बाहेर येईनात.

समोर गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी कप पुढे धरून, ओयलान पुन्हा म्हणाली, "चहा घ्या, बाबा."

सिनेमात ती लग्नाचा चहा द्यायला आलेली त्याची नवी सून होती. सिनेमाबाहेर ती त्याची मुलगी होती, आणि तीन वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. तेही दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं.

"कट!"

स्टुडिओनं उभं केलेलं चायनाटाऊन खऱ्यापेक्षा पुष्कळच जास्त चिनी होतं. खिडकीखिडकीला कंदील, खांबाखांबाला ड्रॅगन, आणि रस्त्यावर माशांचा वास अजिबात नाही. खऱ्या चायनाटाऊनमधली माणसं रोज सकाळी बस भरून इथं आणायची आणि चायनाटाऊनमध्ये कसं राहायचं ते त्यांना शिकवायचं, असा कार्यक्रम चालला होता. नाच-गाण्यांचा मोठा सिनेमा होता. बिंगक्वानला छातीपर्यंत पांढरी दाढी चिकटवली होती, कारण त्याच्या स्वतःच्या तोंडावर दिग्दर्शकाला पुरेसा चीन दिसला नव्हता.

माणसं पुरवायचं कंत्राट यिपबाईंकडे होतं. नाचणाऱ्या पोरी सॅन फ्रान्सिस्कोहून येणार एवढंच त्यांना ठाऊक. त्यातल्या एकीला काल एक वाक्य मिळालं, हे कुणी कुणाला कळवलं नव्हतं.

मंडपात जमलेल्या वऱ्हाडाला मात्र आता सगळं कळलं होतं. वऱ्हाड म्हणजे अख्खी गल्लीच. तीन वर्षांपूर्वी ओयलान सॅन फ्रान्सिस्कोच्या नाइट क्लबात नाचायला गेली, तेव्हा बिंगक्वाननं सेतो आडनाववाल्यांच्या मंडळाच्या सभेत, कुणी विचारलेलं नसताना, उभं राहून सांगितलं होतं, "चहा ओतून चूक कबूल करत नाही, तोवर माझा उंबरा तिला बंद." चूक करणाऱ्यानं वडीलधाऱ्यापुढे चहा ओतून धरायचा आणि त्यानं तो प्यायला की प्रकरण मिटलं, ही गल्लीतली रीत. कोर्टापेक्षा स्वस्त आणि कोर्टाइतकीच कडक. ओयलाननं निरोप पाठवला होता, "चूक केली असती तर ओतला असता."

आता ती चहा घेऊन गुडघ्यांवर बसली होती, आणि तो कप घेत नव्हता.

"हा चहा हिशेबात धरायचा नाही," नवरदेवाचा मामा झालेला मासळीवाला च्यू पुटपुटला. "कंपनीचा कप आहे ना. आत नुसतं रंगाचं पाणी."

"पाणी असो नाहीतर काही असो, पोरगी गुडघ्यांवर बसलीय," यिपबाई म्हणाल्या.

"पण कंपनीनं बसवलीय! मनानं कुठं बसलीय?"

यावर वऱ्हाडात दोन तट पडले. रीळ फिरू लागलं की दोन्ही तट श्वास रोखून बघत, आणि दिग्दर्शक खूश होऊन मदतनिसाला म्हणे, "बघ, बघ! काय चेहरे आहेत! हे लोक रक्तातूनच अभिनय करतात."

फक्त कप तेवढा हलत नव्हता.

शेवटी दिग्दर्शक भोंगा खाली ठेवून आला. म्हातारा बदलता येत नव्हता, त्याचं तोंड कालच्या रिळात येऊन गेलं होतं. मुलगी बदलता येत होती.

"हिच्या बसण्यातच काहीतरी भांडखोर आहे," तो म्हणाला. "जेवणानंतर एकदा बघू. नाही जमलं तर हिला परत नाचणाऱ्यांच्या रांगेत पाठवा, वाक्य दुसरीला द्या."

जेवणाच्या सुट्टीत कंपनीनं सगळ्यांना चॉप सुई दिली. चिनी माणसांना चिनी जेवण मिळालं पाहिजे याबद्दल कंपनी दक्ष होती. बिंगक्वान दाढी वर करून, खांद्यावर टाकून, एका पुठ्ठ्याच्या देवळामागच्या टेबलाशी बसला. ओयलान तरातरा आली. झगा तिनं गुडघ्यापर्यंत खोचला होता.

"तीन वर्षं रांगेत पाय उडवल्यावर मला एक वाक्य मिळालंय," ती म्हणाली. "एक. तेवढं तरी बोलू द्या. नंतर घरी जाऊन सगळ्यांना सांगा, पाणी होतं, हिशेबात धरत नाही. मी नाही म्हणायला येणार नाही."

"बस."

"उभी बरी आहे."

"मी सॅन फ्रान्सिस्कोला आलो होतो," बिंगक्वान चॉप सुईकडे बघत म्हणाला. "मंडळाच्या कामाला. तुझ्या त्या क्लबात गेलो. मागं बसलो, खांबाआड."

ओयलान बसली.

"नाचता नाचता तू पडलीस. लगेच उठलीस, गिरकी घेतलीस. लोकांना वाटलं, पडणं नाचातलंच आहे. टाळ्या वाजवल्या."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला दिसलं ना, तू पडलीस ते. लहानपणी पडलीस की असंच तोंड करायचीस. इतक्या लोकांदेखत असं उठायला मला जमलं नसतं. मी टाळ्या नाही वाजवल्या. हात बाहीत होते."

"हात कायम बाहीतच असतात तुमचे."

"मग आता तू म्हणतेस चहा घ्या. घेतला तर काय होतं? तू चुकलीस आणि मी माफ केलं. सगळी गल्ली साक्षीला. जी चूक तू केलीच नाहीस, तिची माफी मी कशी पिऊ?"

ओयलाननं त्याच्या खांद्यावरच्या दाढीकडे पाहिलं. "हे सभेत उभं राहून का नाही सांगितलंत?"

"तिथं उलटं बोलून बसलो होतो ना."

त्यानं टेबलाखालून थर्मास काढला. खरा चहा, घरचा. दोन कप मांडले.

"दोन कप?"

"तुझ्या आईनं दिलेत. तू येणार हे तिला कोण सांगतं, मला माहीत नाही. मी विचारत नाही."

मग तो उठून उभा राहिला. वडीलधाऱ्यानं लेकरापुढे चहा ओतून चूक कबूल करायची रीत चायनाटाऊनमध्ये नव्हती. स्टुडिओच्या चायनाटाऊनमध्येसुद्धा नव्हती. देवळाच्या पुठ्ठ्याआडून च्यूचं डोकं डोकावलं आणि तसंच अडकून राहिलं. बिंगक्वाननं कप भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

आता उठून उभं राहावं, की रडावं, की कप घेऊन माफ केलं असं म्हणावं, हे ओयलानला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. तिनं च्यूच्या डोक्याकडे एकदा पाहिलं. मग बापाच्या हातातून कप काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी दोन बोटांनी हलकेच टकटक केलं. चहाच्या दुकानात कुणी आपला कप भरला की बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता, माणसं आभाराची टकटक करतात, अगदी तशी. माफीबिफी काही नाही. एकानं ओतला, दुसरीनं घेतला, बस.

"गार होतोय," ती म्हणाली. "तुमचाही ओतू का?"

"ओत."

च्यूनं डोकं मागे घेतलं. वऱ्हाडाला काय सांगावं, हे त्याला सुचलं नाही, आणि हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडलं.

सुट्टी संपल्याची शिट्टी झाली. रंगवाल्या बाईनं बिंगक्वानची दाढी पुन्हा चिकटवली. दिवे लागले. ओयलान कप घेऊन गुडघ्यांवर बसली. ओठ फारसे न हलवता तिनं विचारलं, "घेणार ना?"

"घेणार."

"मग थोडे डावीकडे सरका. तुमच्या खांद्याची सावली माझ्या तोंडावर येतेय."

सगळं शांत झालं. दिग्दर्शकानं हात वर केला. बिंगक्वाननं बाह्यांतून हात काढले, खुर्चीच्या दोन्ही बाजू धरल्या आणि अंगातल्या झग्याचा मान राखत, खुर्ची हळूच डावीकडे सरकवली. मग त्यानं मान वाकडी करून नीट पाहिलं, आणि सावली अजून तिच्या कपाळावर आहे असं वाटून, आणखी थोडी.