दवंडीच्या ढोलातली चार नावं

मित्रांनो, मी ढोल. जुना, पितळेचा, आणि स्वभावाने जरा खरखरीत.

माझं गाव ब्रूनबाख. फ्रान्सच्या अगदी काठावरचं, नदीपल्याड जर्मनी. माझं काम दवंडीचं. कुणाची गाय हरवली, उद्या पाणी बंद, की योहान मला गळ्यात अडकवून चौकात बडवायचा. लोक हातातलं टाकून यायचे. मोठा मान होता!

आता गंमत ऐका. गाव जागच्या जागी, सरकार मात्र बदलायचं. आधी जर्मन होते; मी नवा आलो तेव्हाच योहानने माझ्या आत आपलं नाव नि साल कोरलं होतं. मग फ्रेंच आले. परत जर्मन. परत फ्रेंच. दर वेळी दवंडी आमचीच: आजपासून नवं राज्य, पाट्या बदला, नावं बदला. योहान आधी स्वतःचं बदलायचा: जर्मन आले की योहान, फ्रेंच आले की जाँ. मग घरी माझं कातडं काढून आत खिळ्याने नवं नाव नि साल कोरायचा, कातडं परत ताणायचा. बायकोलाही सांगितलं नाही त्याने.

पुढे लाउडस्पीकर आला, मी माळ्यावर. कुणीतरी मला अमेरिकेत आणलं. हर्नडनच्या एका गॅरेज सेलमधून परीक्षितने मला उचललं आणि वर काच ठेवून टेबल केलं. बारा वर्षं कॉफीचे मग सोसले.

यंदा गणपतीच्या मिरवणुकीला चार दिवस उरले आणि त्याच्या पोरीचा, वैदेहीचा, ताशा फुटला. पथकाच्या लतिकाकाकू म्हणाल्या, "हे टेबल वाजव की! तापवलं की टणटणेल." ताशासारखंच मला हेअर ड्रायरने शेकलं. म्हातारं कातडं, फाट्कन फाटलं.

"काकू, सीरियसली?"

"अगं, टेबलच होतं ना ते!"

परीक्षितने कातड्याच्या जागी ताणायला फायबरचं पान मागवलं. बसवण्याआधी आतून चकाचक करावं म्हणून सँडपेपर घेतला. योहानचं जगात दुसरं काहीच उरलेलं नाही, आणि मला ओरडताही येईना.

"बाबा, वेट! इथे काहीतरी लिहिलंय." वैदेहीने फोनचा टॉर्च मारला. "योहान, १९१०. जाँ, १९१९. योहान, १९४०. जाँ, १९४५."

"असतील चार जण. घासू दे यार, उशीर होतोय."

"नो! नऊ बघ ना. चारही सालांत सेम, शेपटी उलटी. इट्स वन गाय, बाबा."

परीक्षित वाकून बघत राहिला. मग सँडपेपर खिशात घातला.

मिरवणुकीत पोरीने मला झोडपून काढलं. फायबरचा आवाज कर्कश, माझा नाहीच तो, खोटं कशाला बोलू? पण नावं चारही शाबूत आहेत.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू घासायला घ्याल तर आधी तिच्या पोटात डोकावा. आत कुणीतरी राहत असेल.