सात नंबरच्या कॅमेऱ्यातला चेहरा

मी सात नंबरचा कॅमेरा बोलतोय. लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून बोलतोय, त्यामुळे आवाज जरा दबलेला येईल. तेवढं चालवून घ्या.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यात एक सरकता पट्टा होता आणि पुढे एक खोकं. त्या खोक्यात आम्ही बारा भाऊ होतो. दुकानात होतो तोवर माझी स्वप्नं मोठी होती. कुणीतरी मला गळ्यात अडकवून डोंगरावर नेईल, कुणाच्या बाळाचं पहिलं पाऊल मी टिपेन, असं वाटायचं. प्रत्यक्षात एका बाईंनी आम्हा बाराही जणांना उचललं, पाठीवर एक ते बारा आकडे चिकटवले आणि रोजगार साहाय्य केंद्रात नेऊन ठेवलं.

हे केंद्र म्हणजे तीन खोल्या. नोकरी सुटलेली माणसं इथे सहा महिने येतात. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीला खुर्चीत कसं बसायचं, किती हसायचं, हे सगळं त्यांना शिकवतात. काम तेवढं मिळत नाही, बाकी काही कमी नाही.

मला आणणाऱ्या बाई संशोधिका होत्या. काम शोधणाऱ्या माणसांना आतून कसं वाटतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. तोंडी विचारलं तर जो तो म्हणे, "बरं चाललंय." मग त्यांनी ठरवलं की माणसांच्या हातात कॅमेरेच द्यायचे. "तुम्हाला ज्याने बरं वाटतं, ज्याने वाईट वाटतं, ते तुमच्या नजरेने टिपा," असं त्या कळकळीने सांगत. कल्पना वाईट नव्हती, हे मी मनापासून सांगतो. बाईही वाईट नव्हत्या. दुपारचा डबा विसरून काम करायच्या. फक्त नियमांना फार भ्यायच्या.

नियम असा होता की कुणाचा चेहरा फोटोत आला तर त्या माणसाची दोन पानी संमतीपत्रावर सही हवी. आता नाक्यावरच्या चहावाल्याला दोन पानं वाचायला कोण लावणार? त्यामुळे सगळ्यांनी माणसांच्या पाठीच काढल्या. बायकोची पाठ, मित्राची पाठ, एकाने तर कुत्र्याचीही पाठच काढली, उगाच भानगड नको म्हणून. पहिल्या महिन्याअखेर संशोधिकाबाईंनी टिपण केलं, 'सहभागींना आप्तांनी पाठ फिरवल्यासारखे वाटते.' ते बघून मी कपाळाला हात लावला असता, पण मला दोन्ही नाहीत.

मी आलो बाइंडरबाईंच्या वाट्याला. बावीस वर्षं त्या पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला. वय अठ्ठेचाळीस, नवरा नाही, घरी म्हातारे सासरे. दोन खोल्यांचं घर. सहा महिन्यांत काम मिळालं नाही तर ते घर सोडून धाकट्या दिराकडे जाऊन राहायचं, असं ठरलेलं होतं. दीर चांगला होता, पण सासऱ्यांना तिथे जायचं नव्हतं. "त्याच्याकडे खिडकी जिन्यात उघडते," ते म्हणायचे. "जिन्याकडे बघत मरायचं का मी?"

"मरायचं नाव काढू नका हो मामंजी," बाई म्हणायच्या. "अजून मुदत आहे."

त्यांनी पहिल्याच दिवशी मला हातात धरलं आणि मला कळलं, हे हात काम करणारे आहेत. अंगठ्याला दाभणाचे जुने व्रण होते. पकड घट्ट, पण दाबून टाकणारी नाही.

बाईंनी फोटो काय काढले? केंद्रातलं हजेरीपुस्तक, ज्याचा पुठ्ठा एका दोऱ्यावर लोंबत होता. नोंदणी खिडकीतल्या फायली, आतडी बाहेर आलेल्या. दवाखान्यातली वही, शाळेतला नकाशांचा ग्रंथ, ज्यातला अर्धा भाग पानापानाने पळून गेला होता. बाईंचे हात नुसते शिवशिवत असायचे. फाटलेलं पुस्तक दिसलं की त्या थबकायच्या, मला वर उचलायच्या आणि स्वतःशीच पुटपुटायच्या, "अरेरे, काय दशा केलीय!"

मग फोटोंवर चर्चा करायचा दिवस आला. संशोधिकाबाईंनी हजेरीपुस्तकाचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला.

"यात तुम्हाला काय दिसतं?"

"पुठ्ठा सुटलाय."

"आणि ते बघून मनात काय येतं?"

"की याला कुणीतरी टाके घालायला हवेत."

संशोधिकाबाई पुढे झुकल्या. आवाज हळुवार झाला. "म्हणजे आपल्यालाही कुणीतरी सावरावं, असं वाटतं का तुम्हाला?"

"मला कशाला? मी ठणठणीत आहे." बाइंडरबाई चकित झाल्या. "अहो, पुस्तक सुटलंय ना! मला द्या, मी शिवते. तुमच्या इथेच तीसेक तरी असतील अशी. तेवढंच मला काम होईल."

संशोधिकाबाईंचे डोळे पाणावले. त्यांनी वहीत लिहिलं, 'सहभागी सात. तुटलेपणाची खोल जाणीव. सावरण्याची आस.' मला इतका राग आला की माझा फ्लॅश आपोआप उडाला. संशोधिकाबाई म्हणाल्या, "बिघडलाय वाटतं."

बाइंडरबाईंनी पुढच्या दोन चर्चांतही हेच सांगितलं. काम हवंय, हे काम मला येतं, हे काम तुमच्या टेबलावर पडलंय. याहून स्पष्ट माणसाने कसं बोलावं? पण त्यांचं प्रत्येक वाक्य जाऊन भावनांच्या रकान्यात बसायचं. कामाचा रकानाच त्या तक्त्यात नव्हता.

सहावा महिना संपत आला. केंद्राच्या संचालकांनी घाईघाईने प्राथमिक अहवाल छापून घेतला. पंधरा प्रती, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर बाईंच्या हजेरीपुस्तकाचा फोटो, खाली शीर्षक, 'विस्कटलेली मने'. दोन दिवसांनी मोठे पाहुणे येणार होते. संचालकांनी एक प्रत कौतुकाने उघडली आणि तिची सगळी पानं त्यांच्या पायांवर पडली. दुसरी उघडली, तीच गत. छापखान्याने नुसता डिंक फासला होता.

संचालकांची तंतरली. "आता काय करायचं? पाहुण्यांच्या हातात काय सुटी पानं द्यायची?"

बाइंडरबाई दारातच उभ्या होत्या. अभ्यासाच्या शेवटी काढायचे असलेले 'नंतरचे फोटो' काढण्यासाठी मला परत न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "आणा इकडे."

पंधराच्या पंधरा प्रती त्या घरी घेऊन गेल्या. ते दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. टेबलावर खळ, दाभण, सुई. सासरे दोऱ्याला मेण लावून देत होते आणि मधेच वाचूनही दाखवत होते. "सूनबाई, यात लिहिलंय की सहभागी सातला फार रितेपण जाणवतं."

"पान कितवं?"

"एकतीस."

"मग ते तिसाच्या खाली लावा. उलटसुलट करू नका."

बाई चार-चार पानांचे गठ्ठे करत, काठावरून बारीक टाका घालत, मग गठ्ठ्याला गठ्ठा बांधत. आणि त्या गुणगुणत होत्या! सहा महिन्यांत मी त्यांचा तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. सासऱ्यांनी तो ऐकला, मेणाचे हात धोतराला पुसले आणि मला उचललं. जन्मात कॅमेरा धरला नव्हता त्यांनी.

"इकडे बघ गं जरा."

बाई हसल्या आणि मी तो फोटो घेतला. तिरका आला, पण चेहरा पूर्ण आला. दातात दोरा, डोळ्यांत हसू, आणि मागे उघड्या दारावरचं गल्लीचं नाव आणि घराचा नंबरसुद्धा. माझ्या पोटातला हा सव्विसावा फोटो. माझ्या आयुष्याचं सार्थक तो फोटो आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

संशोधिकाबाईंनी तो बघितला, कितीतरी वेळ बघितला, आणि बाद केला. फोटो काढणारे सहभागी नव्हते आणि जी सहभागी होती तिने फोटो काढला नव्हता. शिवाय चेहरा!

पाहुण्यांच्या बैठकीला सहभागींना बोलावलं नव्हतं. त्यांच्या मनावर ताण नको, म्हणून. मला मात्र नमुना म्हणून टेबलावर ठेवलं होतं. पाहुण्यांत एका मोठ्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. सगळे भाषणं ऐकत होते आणि हे गृहस्थ अहवाल उलटा धरून त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत होते. शेवटी त्यांनी भाषण तोडून विचारलं, "हे कुणी शिवलंय?"

"सहभागी क्रमांक सात," संशोधिकाबाई म्हणाल्या.

"नाव काय त्यांचं?"

"नाव सांगता येत नाही. गोपनीयता असते."

"अहो, आमच्याकडे चार हजार पुस्तकं सुटी होऊन पडलीयत. सुट्या पानांना असा टाका घालणारं माणूस मी सात वर्षं शोधतोय."

संशोधिकाबाई लाल झाल्या. त्यांची खरोखर तगमग होत होती, मी बघत होतो. त्यांनी अभ्यासाचे नियम सांभाळणाऱ्या समितीला विचारलं. समितीने कळवलं की सहभागीची लेखी संमती असेल तर नाव देता येईल. संमती घ्यायला सहभागीला भेटावं लागेल. पण सहा महिन्यांचा कार्यक्रम संपल्यावर सहभागीला भेटायचं नाही, त्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी. ग्रंथपालांनी मग 'सहभागी क्रमांक सात यांस' असं लिहून एक पत्र पाठवलं. त्यावर आवक क्रमांक पडला आणि ते या कपाटात आलं.

संशोधिकाबाईंना दुसऱ्या गावी दुसरा अभ्यास मिळाला. जाताना त्यांनी मला पुसलं, कपाटात ठेवलं, आणि हात माझ्यावरून काढायला त्यांना वेळ लागला. मग किल्ली फिरली.

बाई दिराकडे गेल्या की नाही, मला माहीत नाही. सासरे जिन्याकडे बघत बसले असतील का, याचा विचार येतो आणि जीव कासावीस होतो. माझी बॅटरी केव्हाच संपलीय.

ते पत्र माझ्या डाव्या बाजूला आहे, एका वितीवर. त्याला ती बाई हवी आहे, आणि ती माझ्या पोटात आहे, घराच्या नंबरासकट. कधीतरी कुणीतरी टाचण्यांचा डबा शोधायला हे कपाट उघडेल. तुम्ही असाल, तर एवढं करा. माझा चार्जर वरच्या कप्प्यात आहे. सव्विसावा फोटो बघा, ते पाकीट उचला आणि त्या दारावर जाऊन द्या.

त्यांच्याकडून कसलीही सही घेऊ नका.